बिरदेव मास्तरांची दुपार

रविवार, १ नोव्हेंबर १९९८
मांडवगण फराटा, मास्तरांचा मळा

आलो एकदाचे. दौंडहून आठला निघायचं सम्राटनं ठरवलं होतं, निघालो साडेदहाला. कारण तंबूच्या खुंट्यांची पिशवी त्याच्या लोकोशेडमधल्या मित्राकडे राहिली होती आणि मित्र अंघोळीला गेला होता. गौतमी तेवढा वेळ पाठीला दप्तर अडकवून पायरीवर बसून राहिली. दप्तरात दोन फ्रॉक, एक टॉर्च आणि बिरदेव मास्तरांची तिन्ही पुस्तकं. शेजारच्या बाईंनी दप्तरात डोकावून पाहिलं आणि त्याचे बंद नीट लावून दिले. पुस्तकं सुमेधची आहेत हे त्यांना ठाऊक आहे.

सुमेध असता तर आता अकरा वर्षांचा असता. मास्तरांच्या गोष्टींतलं ते मेंढपाळाचं कुटुंब गावोगाव फिरतं, रानात पाल ठोकून राहतं, तीन दगडांवर भाकरी भाजतं. ते वाचल्यापासून त्याचा एकच हट्ट होता, आपणही पालात राहायचं आणि तेही मास्तरांच्या रानात. त्यानं पोस्टकार्ड टाकून मास्तरांना तसं विचारलं. आठ दिवसांत उत्तर आलं, 'दिवाळीच्या सुट्टीत ये. पाल तू आण, रान माझं.' ती दिवाळी यायच्या आत, सप्टेंबरात, तो गेला. पुढच्या वर्षी मास्तरही गेल्याचं पेपरात वाचलं. यंदा गौतमीनं ते कार्ड कुठून तरी शोधून काढलं आणि विचारलं, मग आपण कधी जायचं?

मी मास्तरांच्या पत्नीला, कुशाबाईंना, पत्र लिहिलं. त्यांनी कुणाकडून तरी दोन ओळी लिहवून घेतल्या. जरूर या, आणि मुलगी केवढी आहे?

मांडवगणच्या स्टँडवर मास्तरांचा पुतण्या संपत जीप घेऊन आला होता. शिरूरपर्यंत वडाप करतो, जीपमध्ये माणसं भरून. गप्प माणूस. सामान फाटकाशी उतरवून दिलं. चहाला आत या म्हटलं तर पुढची खेप आहे म्हणाला. आत काही आला नाही.

घर साधं आहे. तीन कौलारू खोल्या, पुढं ओटा, उजव्या हाताची खोली मास्तरांची. अंगणात लिंब, लिंबापलीकडे विहीर. तिच्यावर लोखंडी जाळी आणि जाळीला कुलूप. मागं ऊस, उसाच्या पुढं भीमा. कुशाबाई पासष्टीच्या असतील, काटक, कपाळावर गोंदण. आडनाव विचारलं नाही. आपल्या तांब्यातलं पाणी आपल्या हातानं दिलं. अशा गोष्टींकडे अजून माझं लक्ष जातंच.

लिंबाखाली तंबू उभा करायला दीड तास लागला. दोनदा सम्राटच्या डोक्यावर पडला. दुसऱ्यांदा पडला तेव्हा आतून गौतमीच्या हसण्याचा आवाज आला, मग मला हसू आलं, मग त्यालाही. वांग्याचं भरीत, बाजरीची भाकरी, कांदा. आम्ही तिघं एकाच वेळी हसलो ते किती दिवसांनी, ते आठवत नाही.

सोमवार, २ नोव्हेंबर

सकाळी कुशाबाईंनी मास्तरांची खोली उघडून दाखवली. मला वाटलं होतं खूप पुस्तकं असतील. एक उतरतं मेज, बसायला घोंगडी, भिंतीला एक कपाट, आणि मेजासमोर अख्ख्या खोलीभर सतरंजी. मास्तर गावातल्याच शाळेत शिकवायचे. तीन वाजता सकाळपाळीची पोरं जेवूनखाऊन इथं यायची, मास्तर वाचून दाखवायचे. सतरंजीवर पोरांच्या बसण्यानं पडलेल्या विटक्या जागा अजून दिसतात.

कपाटात पोरांची पत्रं आहेत, गावाप्रमाणे गठ्ठे बांधलेले. दौंडचा गठ्ठा कुशाबाईंनी माझ्या हातात दिला आणि त्या बाहेर गेल्या. सुमेधची सात पत्रं निघाली. एक मला माहीतच नव्हतं. त्यात लिहिलं होतं, माझी आई शाळेत बाई आहे, तिला गोष्टी वाचायला वेळ नसतो, म्हणून मी बहिणीला वाचून दाखवतो, पण ती मधेच झोपते.

मी तिथंच बसून रडले. दोन वर्षांत पहिल्यांदा बरं वाटलं रडून.

दुपारी ऊन चढलं, तंबूत थांबवेना. खोली गार होती म्हणून गौतमीला तिथं सतरंजीवर निजवलं. ओट्यावर मी कुशाबाईंबरोबर लसूण सोलत बसले. संध्याकाळी चुलीपाशी गौतमीनं एक गोष्ट सांगितली. एका मेंढीचं कोकरू नदीपलीकडे राहून जातं. मेंढी प्रत्येक उतारावर जाऊन पाण्याला विचारते, तू किती खोल आहेस. पाणी दर वेळी खोटं सांगतं.

ही गोष्ट तीन पुस्तकांत कुठंच नाही. कुठं वाचलीस विचारलं, तर म्हणाली मास्तरांनी सांगितली.

सम्राट हसला. स्वप्न पडलं असेल म्हणाला. कुशाबाईंचा भाकरी थापणारा हात थांबला होता. त्यांनी वर न बघता विचारलं, कुठवर आली गोष्ट?

मेंढी पाण्यात उतरलीय, गौतमी म्हणाली.

मंगळवार, ३ नोव्हेंबर

सकाळ फार छान गेली. नदीवर गेलो. सम्राटनं गळ टाकला आणि दोन तासांत बोटाएवढा एक मासा काढला, तोही गौतमीनं परत सोडायला लावला. मी पाण्यात पाय सोडून बसले. शाळा, पेपर, कशाकशाची आठवण झाली नाही.

जेवणानंतर गौतमी दिसेना. तंबूत नाही, ओट्यावर नाही. पहिल्यांदा विहिरीकडे धावले. जाळीला कुलूप तसंच होतं. मग बघितलं तर मास्तरांच्या खोलीचं दार आतून लावलेलं. कडी वर आहे, तिचा हात पुरत नाही. हाका मारल्या, दार वाजवलं. सम्राट खांदा लावून दार ढकलायला लागला तेव्हा कुशाबाई आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, की चार वाजता उघडतं ते, मास्तर असल्यापासून तसंच आहे, दाराला काही करू नका.

चार वाजता उघडलं. कडी पडल्याचा आवाजही आला.

गौतमी सतरंजीवर मांडी घालून बसली होती, मेजाकडे तोंड करून. पाठ एकदम ताठ. वर्गात बाईंकडे बघणारी मुलं बसतात तशी. मी तिला उचललं तर अंग गार लागलं. ती माझ्यावर चिडली. असं ती कधी बोलत नाही. म्हणाली, गोष्ट चालू असताना हाका मारायच्या नसतात, मास्तरांना आवडत नाही. मधेच कुणी उठलं तर ते घाबरतात.

घाबरतात, असंच म्हणाली. रागावतात असं नाही.

रात्री जेवली नाही. कुशाबाई मात्र भांडी घासताना गुणगुणत होत्या. रविवारपासून त्यांचा चेहरा एवढा मोकळा पाहिला नव्हता.

बुधवार, ४ नोव्हेंबर

आज खोलीत जायचं नाही असं तिला बजावून ठेवलं होतं. तीनच्या सुमाराला मी दोरीवर कपडे वाळत घालत होते, ती माझ्या पायाशी खडे खेळत होती. चादर झटकली, पिना लावल्या, खाली बघितलं तर खडे तेवढे होते.

सम्राट गावात रॉकेल आणायला गेला होता. मी दाराला कान लावून उंबऱ्याशी बसले.

जे ऐकलं ते जसंच्या तसं लिहिते. आतून पुरुषाचा आवाज येत होता. शेजारच्या घरात कुणी वाचत असावं तसा, एका लयीत, शब्द न कळणारा. मधे थांबे, पान उलटल्याचा आवाज येई, पुन्हा सुरू. आणि मुलं हसली. एक नाही, पुष्कळ. त्यांच्यात एक हसू असं होतं, की शेवटी उचकी लागल्यासारखं अडकायचं. तसा एकच मुलगा हसायचा.

मी दार वाजवलं नाही. हेही लिहायला हवं. वाजवायला हात उचलला होता, आणि मी तो खाली घेतला. कारण मला ते हसू पुन्हा ऐकायचं होतं.

चारला दार उघडलं. गौतमी हळूहळू चालत आली, माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि म्हणाली, की दादा माझ्या डाव्या हाताला बसतो. तो विचारत होता, आईचा गठ्ठा संपला का.

हे कुणालाच माहीत नाही. सम्राटलाही नाही. तो आजारी पडला त्या दिवशी मी घटक चाचणीचे पेपर तपासत होते. सुमेध दोनदा येऊन म्हणाला, आई, डोकं फार दुखतंय. मी म्हटलं, जरा पड, मी एवढा गठ्ठा संपवते. गठ्ठा संपला तेव्हा सहा वाजले होते आणि तो तापानं फणफणला होता. तिसऱ्या दिवशी गेला. तीन-चार तासांनी काही फरक पडला नसता असं डॉक्टरांनी मला स्वतःहून सांगितलं. मी काय विचारायच्या बेतात होते ते त्यांना कळलं असेल.

गौतमी तेव्हा पाच वर्षांची होती आणि त्या दुपारी शेजारी खेळायला गेली होती.

गुरुवार, ५ नोव्हेंबर

सम्राटला सगळं सांगितलं, गठ्ठ्याचं सोडून. आपण असलं कधी मानलं नाही रश्मी, म्हणाला. रागानं नाही, काळजीनं. त्याला वाटतं माझ्याच डोक्यावर परिणाम झालाय आणि माझं बघून पोरीवर. उद्या सकाळीच निघायचं ठरलं. दुपारी तो स्वतः तंबूत गौतमीला मांडीवर घेऊन बसला, दोन्ही हातांनी धरून.

तीन वाजले आणि ती त्याच्या मांडीवरच गेली. कुठं गेली नाही, पण गेली. डोळे उघडे, ओठ हलताहेत, हाकेला ओ नाही. मधेच हसली. खोलीची कडी लागल्याचा आवाज आम्हा दोघांनाही ऐकू आला. चार वाजेपर्यंत सम्राट तिच्या तळव्यांना कांदा चोळत होता आणि रडत होता.

मी स्वयंपाकघरात गेले. कुशाबाई चुलीपुढं बसल्या होत्या, डोळे मिटून. मी म्हटलं, मला खरं सांगा.

त्यांनी सांगितलं. त्यांना एकच मूल झालं, मुक्ता. सात वर्षांची होती. मास्तर तेव्हा मोठ्या माणसांसाठी कादंबरी लिहीत होते.

“मुक्ता आली आन् म्हनली, आबा, सकाळची गोष्ट म्होरं सांगा. हे म्हनले, एवढं पान हुंदे, मग सांगतो. पान झालं तवा चार वाजल्यालं. तवर पोर इहिरीत हुती.”

ती कादंबरी मास्तरांनी चुलीत घातली. पुढं जे लिहिलं ते मुलांसाठीच. रोज तीन वाजता पोरं जमवायची, कडी लावून घ्यायची, म्हणजे कुणी उठून विहिरीकडे जाणार नाही. गोष्ट चार वाजता थांबवायची, पण संपवायची नाही, म्हणजे पोरं उद्या परत येतील. मास्तर गेले तरी ते थांबलं नाही. मागच्या साली संपतची धनश्री, मास्तरांची नातच, तीन दुपारी आत जाऊन बसली. नंतर ती अंथरुणातून उठलीच नाही.

हे सगळं माहीत असून आम्हाला का बोलावलंत, मी विचारलं.

“एरवी माझी मुक्ता आत गप बसती,” कुशाबाई म्हणाल्या. “जित्तं लेकरू आत जाऊन बसलं की ती हसती. मला हितं चुलीपाशी आयकू येतं. म्हनून लिवलं तुमास्नी या म्हनून. माझ्या तोंडावर थुका तुमी, पर म्हनून लिवलं.”

मी थुंकायला हवं होतं. ओरडायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं ते हे:

“माझा सुमेध इथं कसा आला मावशी? तो तर दौंडात गेला.”

त्या म्हणाल्या, की ज्या लेकराची गोष्ट अर्धी राहिली ते येतंच.

शुक्रवार, ६ नोव्हेंबर
शिरूर, दवाखाना

सकाळी गौतमी उठली नाही. श्वास चालू, नाडी चालू, डोळे अर्धे उघडे. संपत जीप घेऊन आला, फाटकातून आत आला, तिला बघितलं आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

तासाभरात शिरूरला आणलं. सलाइन लावलंय. रक्त, लघवी, सगळं तपासलं, सगळं ठीक आहे. डॉक्टर भले आहेत. मेंदूला सूज आहे का बघू, लागलं तर पुण्याला हलवू म्हणाले. तीन वाजता तिचे ओठ हलायला लागले. मी कान नेला. ती म्हणत होती, पाणी आता मेंढीच्या गळ्याशी आलंय.

बाहेर व्हरांड्यात संपतनं मला गाठलं. त्याची धनू अकरा दिवस अशीच होती. चुलती त्याला म्हणाली होती, आत जाऊन पोरीच्या जागी कुणी जाणत्यानं बसायचं, तरच तिला उठू देतील. मास्तरांना रिकामी जागा सोसत नाही. रिकामी जागा दिसली की त्यांना मुक्ताच आठवते.

“मी इस्वास ठिवला न्हाई,” तो म्हणाला. “ठिवला तवा धाव्वा दिस हुता. उंबऱ्यापतूर गेलो ताई. आतनं धनू हसत हुती. एवढी खूश हुती, की मला वाटलं, असूदे. पाय उचललाच न्हाई.”

माझ्याकडे न बघता त्यानं हे सांगितलं. मग जीप पुसायला गेला.

शनिवार, ७ नोव्हेंबर
मळा. दुपारी पावणेतीन

सम्राटशी फार वाईट भांडून आले. तो म्हणाला, एक मूल बेशुद्ध आहे आणि तू मेलेल्याकडे चाललीस. मी म्हटलं, गौतमीसाठीच चाललेय. तो म्हणाला, शपथ घे.

मी घेतली नाही. निघून आले.

कुणाला फसवू. दोघांसाठी चाललेय. कुणासाठी जास्त, ते मला माहीत नाही.

दार उघडं आहे. सतरंजीवर कुणी नाही. कुशाबाई म्हणाल्या, उजवीकडून दुसरी जागा तुमच्या पोरीची.

वही बरोबर नेते. हातात काही असलेलं बरं.

संध्याकाळी सहा

आधी लिहून ठेवते, मग जेवेन.

तीन वाजता कडी लागली. मी गौतमीच्या जागेवर बसले होते. थंडी आली, पाण्यातून यावी तशी, खालून. मग माझ्या मांडीवर वजन आलं. गौतमी. फ्रॉक तोच, कालचा. मी तिच्या कानात म्हटलं, ऊठ बाळा, पप्पा वाट बघताहेत, तुझ्या जागी मी बसते. तिनं मेजाकडे बघितलं. तिथं नुसते दोन हात होते, पान धरलेले. ते थरथरत होते. मग मोजल्यासारखं एक बोट एकेका जागेवर फिरलं, माझ्याशी येऊन थांबलं, आणि पुढं गेलं.

वजन उतरलं. ती गेली.

मग आवाज सुरू झाला. आता शब्द कळत होते. मी डावीकडे बघायचं नाही असं ठरवून आले होते.

बघितलं.

नऊ वर्षांचाच आहे. केस कापायला झालेत. गुडघ्यावर हनुवटी ठेवून ऐकतो, पूर्वीसारखा. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, तो गोष्टीत होता. पण कुणी तरी आल्याचं त्याला कळलं, थोडा सरकला, मला जागा दिली. एक तास मी त्याच्या शेजारी बसले. एक तास मला दुसरं काही काम नव्हतं.

चारला उठले. उठता आलं. पाय फार जड होते, पण उठता आलं.

जेवण जात नाहीये. नंतर बघू.

रविवार, ८ नोव्हेंबर
सकाळ

संपत चिठ्ठी घेऊन आला. सम्राटचं अक्षर, घाईचं. काल सव्वातीनला गौतमी उठून बसली. पहिल्यांदा चहा मागितला, मग बिस्किटं, मग मी. डॉक्टरांनाही नवल वाटलं. आज सोडताहेत. तीनच्या सुमाराला जीपनं फाटकाशी येतो, तू सामान बांधून बाहेर उभी राहा, आम्ही आत येणार नाही. खाली लिहिलंय, माझं चुकलं, काय ते घरी बोलू.

चिठ्ठी चार वेळा वाचली. रडू यायला हवं. आलं नाही.

संपत फाटकाशी उभा राहून म्हणाला, की ताई, आत्ताच बसा जीपमध्ये, त्यांना वाटेत गाठू. मी म्हटलं, तंबू काढायचाय. तो म्हणाला, तंबू राहू द्या. मी म्हटलं, उसना आहे.

दुपारी दोन

तंबू काढला. खुंट्या मोजून पिशवीत भरल्या. सामान ओट्यावर आहे. हात गार पडलेत, उन्हात धरले तरी.

सुमेधचा निरोप घेतलाच नाही मी. तेव्हाही नाही. शेवटचे दोन दिवस तो शुद्धीवरच नव्हता. काल नुसती बसले, एक शब्द बोलले नाही.

एकदाच. पाच मिनिटं. जीप यायच्या आत बाहेर येईन.

कुशाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या आहेत. म्हणाल्या,

“जाऊ नगं म्हनायला पायजे मी. मला म्हनवत न्हाई.”

त्यांनी मागं जाऊन चुलीपाशी बसून घेतलं. ऐकायला.

तीन

कडी लागली. बसलेय. अक्षर नीट येत नाहीये, बोटं वळत नाहीत.

आला. आज माझ्याकडे बघतोय.

म्हणाला आई. म्हणाला गठ्ठा संपला?

संपला रे. संपला. सगळे गठ्ठे संपले.

मेंढी मधल्या खडकावर आलीय. कोकराचा आवाज ऐकू येतोय तिला. मास्तर फार छान वाचतात. मी कधी ऐकलंच नव्हतं —

गाडी. फाटकाशी. हॉर्न वाजला.

उठायचंय. पाय कुठं आहेत कळत नाही. सुमेधनं डोकं ठेवलंय मांडीवर. ते दोन हात माझ्याकडे आहेत, पान तसंच धरलेलं, थांबलेत. वाट बघताहेत मी उठते का. घाबरलेत ते. खरंच किती घाबरलेत —

पुन्हा हॉर्न. सम्राट हाक मारतोय. रश्मी. रश्मी.

गौतमीचा आवाज. बरी आहे. खणखणीत आवाज आहे. आई, आई करतेय.

सम्राट ओरडला. तिला धरा, धरा म्हणतोय. सुटली त्याच्या हातातून. पळत येतेय. ओट्यावर पावलं —

दार वाजवतेय.

तिला आत घेतील. माझ्या पलीकडे एक जागा आहे. आत्ताच बघितली. विटकी नाही, नवी आहे —

नाही. नाही. मी उठते. ओरडायला जातेय पण आवाज —

कडी निघतेय. आपोआप. दार —

सुमेध, डोकं काढ बाळा. मी फक्त दारापर्यंत. तिला एवढंच सांगते की आत येऊ नको, आणि लगेच तुझ्याजवळ येऊन